काळी तीन आणि समाधानचं बोट

समाधान आमच्या पार्टीत शिरला तो बायकोच्या पुण्याईनं. हाटकेशच्या कारखान्यांतल्या एका युनिटमध्ये तो लेथ चालवायचा आणि मी काशीमीऱ्याच्या आमच्या वस्तीत भीमगीतांची पार्टी चालवायचो, ढोलकीही माझ्याच गळ्यात. चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत आमचा पेटीवाला बदली होऊन पेटीसकट नाशिकला गेला. जयंती दोन महिन्यांवर आलेली. त्याच आठवड्यात समाधान येऊन म्हणाला, पंचशीला गाते, आणि पेटीचं काय घेऊन बसलात, गिटार मी वाजवतो.

पंचशीला जालन्याकडची. माहेरी दर जयंतीला ती गायची. लग्न होऊन इकडे आल्यावर तीन वर्षं तिला कुणी गा म्हटलंच नव्हतं. माझ्या ओट्यावर तिनं पहिली ओळ म्हटली आणि मी ढोलकी वाजवायचीच विसरलो. तिची पट्टी काळी तीन, माहेरच्या पेटीवाल्यानं ठरवून दिलेली.

गोची तिथंच झाली. समाधानला गिटार शिकवली समुद्रकाठच्या चौक गावातल्या डॉमनिकनं. हा मच्छीमार बोटीच्या इंजिनाचा बुश करून घ्यायला युनिटमध्ये यायचा आणि रविवारी चर्चमध्ये वाजवायचा. त्यानं शिकवलेल्या कॉर्ड सगळ्या सोप्या, सुट्या तारांच्या. काळी तीनला त्यातली एकही चालेना. तिथं लागतात बार कॉर्ड: पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या. समाधाननं दाबल्या. दोन वाजल्या, बाकी ठणठण गोपाळ.

लेथवाल्याचा धर्म एकच, ढिलं वाटलं की आवळा. यानं महिनाभर आवळलं. अंगठ्याचा सांधा सुजला, एकदा तर लेथवर लावायचा लोखंडी जॉब हातातून निसटून पायावर पडला, पण तारा काही बोलेनात. शेवटी तो बायकोला म्हणाला, जरा खाली, पांढरी दोनवर गाऊन बघ, तिथं माझ्या सोप्या कॉर्ड चालतात. ती गायली. सूर बरोबर, शब्द बरोबर, पण तिसऱ्या रांगेपर्यंत पोचणार नाही असं गाणं. मला राग आला.

"समाधान," मी म्हटलं, "पोरीचा गळा तुझ्या बोटासाठी खाली येणार असेल, तर गिटार घरी ठेव."

त्या रविवारी तो चौकला गेला. डॉमनिक चार जणांबरोबर होडी वाळूवर ओढत होता. त्यानं यालाही दोराला लावलं. यानं इथंही मूठच आवळली आणि दोन मिनिटांत हाशहुश करत बसला.

"दोर मुठीनं वढतोस काय?" डॉमनिक म्हणाला. "मूठ फक्त धरते. वढते ती पाठ. तुझ्या गिटारीचंबी तसंच हाय."

मग त्यानं घरी नेऊन अंगणात गिटार घेऊन दाखवलं. अंगठा सैल, बोट जरा कडेवर कललेलं, कोपर अंगाशी, जोर दंडातून. संध्याकाळपर्यंत सहापैकी पाच तारा बोलल्या.

पण गाण्याला कॉर्ड तीन आणि जयंतीपर्यंत बसल्या दोनच. आदल्या दिवशी त्यानं मला तसं कबूल केलं. माझंच अवसान गळालं. म्हटलं, मग एवढ्या वेळेला पांढरी दोनवर उरकू. तो नाही म्हणाला. ती काळी तीनवरच गाईल, माझं मी बघतो.

चौदा तारखेला पंचशीला गायली. तिसरी कॉर्ड यायची तिथं समाधाननं तारांवर पंजा ठेवून वाजवणं थांबवलं. मीही ढोलकीवरून हात उचलला. ती ओळ तिच्या एकटीच्या आवाजात सगळ्या वस्तीवर गेली. मागे पाण्याच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या बायका पुढे सरकल्या.

पुढच्या जयंतीपर्यंत तिसरी कॉर्डही खणखणीत वाजायला लागली. तालमीत समाधाननं ती मोठ्या ऐटीत वाजवली. पंचशीला गाता गाता थांबली.

"तिथं नका वाजवू," ती म्हणाली. "तिथं तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात. ते तसंच राहू द्या."