वर्ष धरतील का?

माझा स्वभाव मुळात उतावळा. एसटीची वाट बघतानासुद्धा मी बाकावर टेकत नाही, येरझाऱ्या घालतो. सत्तरीचं दशक सरत आलं होतं, सोलापुरात माझी बी.एस्सी.ची दोन वर्षं पार पडली होती आणि तेवढ्यात कानावर आलं, पुण्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर हा विषय नव्यानं सुरू होतोय. कॉम्प्युटर मी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. तरी तिथंच शिकायचं, हे डोक्यात बसलं ते बसलंच.

घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. विद्यापीठ बदललं तर माझी झालेली दोन वर्षं तिथं धरतील का? धरली तर वर्षभरात पदवी. महिनाभर मी दुसरं काही बोललोच नाही. खोलीतला जोडीदार वैतागून म्हणाला, "मर्दा, मधनंमधनं देवाचं नाव तरी घे की."

आमच्या गावाहून, वैरागहून रोज सकाळच्या एसटीनं माझा डबा यायचा. धाकटी बहीण भाकरी थापायची, डबा फडक्यात बांधायची आणि स्टँडवर जाऊन कंडक्टरच्या हातात द्यायची. मॅट्रिक होऊन ती वर्षभर घरीच होती. आण्णांना, म्हणजे वडिलांना, एका वेळी एकालाच शहरात शिकवणं झेपत होतं. माझं संपलं की तिचं सुरू, असं ठरलेलं.

शेवटी पुण्याला जाऊन आलो. खिडकीतल्या कारकुनानं गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली. "पहिलं वर्ष धरू. दुसरं नाही. तुमचे विषय आमच्याशी जुळत नाहीत." म्हणजे एक वर्ष पाण्यात! चरफडत तसाच वैराग गाठलं आणि आण्णांना सगळं सांगितलं.

"एवढं मनात हाय तर जा की," आण्णा म्हणाले. "एक वरीस काय, बघता बघता जातंय."

माझा जीव भांड्यात पडला. बहीण तिथंच माझा डबा घासत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "दादा, माझं घरात बसल्यालं वरीस धरत्याल का रं कुणी?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला मात्र तिचाच राग आला.

मी पुण्याला गेलो नाही. शेवटचं वर्ष सोलापुरातच काढलं, ज्याच्या-त्याच्यावर चिडचिड करत. पुढच्या जूनमध्ये ती कॉलेजात गेली आणि मी नोकरीचे अर्ज धाडत वैरागला येऊन बसलो. आता डबा तिच्यासाठी जायचा, आणि तो स्टँडवर मी न्यायचो. कंडक्टर तोच होता. "काय ओ, उलटी गंगा वाहाय लागली व्हय?" म्हणून हसायचा.

गाडी सुटेपर्यंत मी येरझाऱ्या घालायचो. पुण्याला जायला हवं होतं, असं रोज वाटायचं. डबा मात्र एकदाही चुकवला नाही.