चिलटांपासून लायकापर्यंत

कंपाउंडरबाईंनी जनावरांच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली. सुई टोचताना जनावर धरून ठेवायचं, हे त्यांचं मुख्य काम. बैल असो की बोका, बाईंचा हात मानेवर पडला की निम्मी धडपड थांबायची.

निवृत्त झाल्यावर एके दुपारी नातीच्या पुस्तकात त्यांनी लायकाची गोष्ट वाचली. रस्त्यावरची कुत्री, अंतराळात पाठवलेली. ती परत येणार नाही, हे पाठवणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं. बाईंना जेवण जाईना.

"आपल्या दवाखान्यातही सगळी जनावरं जगायची नाहीत," त्या नातीला म्हणाल्या, "पण शेवटपर्यंत कुणाचा तरी हात असायचा गं अंगावर."

दुसऱ्या दिवशी त्या धाकट्या दिरांच्या पत्र्याच्या कारखान्यात जाऊन उभ्या राहिल्या. कारखाना कसला, ट्रंका आणि टाक्या बनवायची एक शेड.

"भाऊजी, मला यान करायचंय. कुत्रं बसेल एवढं."

दीर हसून हसून बेजार झाले. "वहिनी, या वयात चंद्रावर?"

"चंद्र राहू द्या. कात्री कशी धरायची ते सांगा."

जुन्या बंबाची टाकी यानाचं धड म्हणून चालून गेली. खरा घोळ घातला टोकाच्या शंकूने. पहिला वाकडा झाला, दुसरा झाळून सांधताना उसवला. तिसऱ्या वेळी पत्र्याने तळहात चिरला.

"आणा इकडे," दीर काकुळतीला आले, "तासाभरात करून देतो."

"मग ते तुमचं होईल, भाऊजी."

हाताला पट्टी बांधून बाईंनी चौथा पत्रा आखला. तो जमला. मग खिळ्याने ठोकून ठोकून त्यांनी बाजूला अंतराळात पाठवलेल्या जिवांची यादी कोरली : चिलटं, माकडं, उंदीर, कुत्री, मांजर, कासवं. ज्यांची नावं सापडली, त्यांची नावंही.

"चिलटंसुद्धा?" दिरांनी विचारलं.

"सगळ्यांच्या आधी तीच गेली होती. मान त्यांचा."

दवाखान्यातले नवे डॉक्टर मात्र यान आवारात ठेवायला राजी होईनात. "बाई, इथे गाई उभ्या करायला जागा पुरत नाही."

बाईंनी वाद घातला नाही. रोज सकाळी येऊन त्या आवारातली अडगळ उपसू लागल्या. मोडकी खाटली, गंजलेले पिंजरे, फुटक्या बादल्या. आठव्या दिवशी भिंतीलगत चांगली दोन गाईंची जागा मोकळी झाली. डॉक्टरांनी मान डोलावली. "एका जागेत गाय, एका जागेत तुमचं यान."

आता नंबराची वाट बघणारी माणसं ती यादी वाचतात. परवा मांडीवर आजारी कुत्रं घेतलेल्या एकाने विचारलं, "यातलं परत कोण आलं हो?"

बाईंनी एकेका नावावर बोट ठेवत सांगितलं. लायकापाशी बोट थांबलं.

"ही नाही आली," त्या म्हणाल्या, आणि त्याचा नंबर पुकारला तशी त्याच्या कुत्र्याची मान धरायला आत गेल्या.