अठ्ठेचाळीस व्होल्टची होडी

होडीच्या बुडाला शेवाळ चढतं, तसे आमच्या शेडमध्ये किस्से चढतात. खरवडून काढा, पुढच्या भरतीला पुन्हा हजर! त्यातले हे माझ्या इलेक्ट्रिक होडीचे. होडी बाबांची, पर्यटकांना खाडीतून फिरवणारी. डिझेल इंजीन काढून मोटर बसवायचा हट्ट माझा. बाबांची अट एकच: "खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यापर्यंत जाऊन परत ये. जमला नाय तर डिझेल परत बसतला, आणि तू मुंबयक नोकरी बघ!"

*

पहिलं भांडण बॅटरीवरून. आबाकाका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, म्हणाले, "ट्रकाच्यो लेड बॅटऱ्यो घाल. स्वस्त आणि जड."

"जड कशाला, काका? लिथियम निम्म्याहून कमी वजनात तेवढीच ताकद देते!"

"हलकी होडी कोणय ओढून नेता."

"कोण ओढतं?"

काकांनी खाडीकडे पाहिलं. "तू तुझी बॅटरी बघ."

मी लिथियमच आणली.

*

व्होल्टेजचा किस्सा तर कहर! मी ९६ ठरवले होते, त्या हिशेबाने बारीक केबलही आली. मग बाबांना कोणीतरी शॉकची भीती घातली. "अठ्ठेचाळीस कर. पाण्यातला काम आसा." तेवढं मलाही पटलं. पण व्होल्ट अर्धे केले की तेवढ्याच ताकदीला करंट दुप्पट लागतो, केबल जाड हवी!

"वायर ती वायर! आसा तीच घाल."

शिकलेल्या मुलीचं ऐकायचं नाही, असा आमच्याकडे नवस असावा. शेवटी मोटर अर्ध्यावरच चालवायची, या बोलीवर मी तीच केबल जोडली.

*

दांड्यापाशी आमच्या घरचं कुणी इंजीन बंद करत नाही. बाबांचे धाकटे भाऊ, नानाकाका, याच होडीवरून तिथे पाण्यात पडले, ते मिळालेच नाहीत. तेव्हापासून देवाला गाऱ्हाणं घालताना आबाकाकांची एक सवय. सगळ्यांचं "व्हय म्हाराजा!" म्हणून झालं की ते जरा थांबतात.

एकदा मी चिडून विचारलं, "आता कोणाची वाट बघताय?"

"एक जण रवलो."

*

मोटर पहिल्यांदा धक्क्यालाच चालवली. आवाजच नाही! बाबा खूश. आबाकाका मात्र कान देऊन बसले.

"डिझेल होता तेव्हा बरा होता. काय आयकाक येय नाय."

"आणि आता काय ऐकू येतंय?"

"तुका येणा नाय मा? मग बरा."

*

चाचणीला भर दुपारी निघालो, मी आणि आबाकाका. बाबा धक्क्यावर. दांड्याशी ओहोटी जोरात होती, होडी समुद्राकडे सरकायला लागली. काकांनी घाबरून मोटर पूर्ण ताकदीवर सोडली. मी ओरडेपर्यंत केबल वितळली! मी मेन स्विच पाडला, मोटर बंद. नांगर वाळूत धरेना. आणि वल्ही? ती बाबांनी "इलेक्ट्रिकाक वल्ही कित्याक?" म्हणत घरी ठेवलेली!

काका उभे राहिले, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक सुखरूप घराक पोचव."

"व्हय म्हाराजा," मी पुटपुटले.

काका थांबले. नेहमीसारखेच.

"व्हय म्हाराजा."

उजव्या बाजूने. पाण्याच्या अगदी लगत.

होडी वळली. स्विच पाडलेला, मीटरवर शून्य, आणि आम्ही ओहोटीच्या उलट धक्क्याकडे. काकांनी मागे वळून पाहिलं नाही, मलाही पाहू दिलं नाही.

बाबा टाळ्या वाजवत आले. "बघलंस? वायर ती वायर!"

आबाकाका उतरले. होडीवर हात ठेवून म्हणाले, "बॅटऱ्यो हलक्यो घेतलंस, ता बरा केलंस गो."