काकूच्या अंगातलं वारं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? – माहीत नाही. तुम्ही आमच्या घरातले नाही, एवढं एक बरं आहे.

आमचं घर रत्नागिरीबाहेर, भाट्याच्या पुलापलीकडे. बाबांचं नि काकांचं कुटुंब एकत्र, आणि शब्द चालायचा तो बाबांचा. काकूचा? काकूला वर्षभर कोण विचारतंय! भाकऱ्या, भांडी, गोठा – आणि काही बोलायला गेली की काका म्हणायचे, "तू गप गो." फक्त गौरीच्या आरतीला तिच्या अंगात वारं यायचं. मग तीच काकू केस सोडून घुमायला लागायची, आणि बाबा – माझे बाबा! – तिच्यासमोर हात जोडून "बोल आई" म्हणायचे.

मी बारावीत होते तेव्हा बाबांनी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती. त्या वर्षी गौरीला घुमता घुमता काकू बाबांना म्हणाली, "मोठीला कालेजात घाल." झालं, स्थळं थांबली. पुढच्या पावसाळ्यात मी रत्नागिरीत एफवायबीएला बसले. मानसशास्त्र घेतलं.

आणि काय हवा गेली डोक्यात म्हणून सांगू! पुस्तकाचे जेमतेम दोन धडे झालेले, आणि मी घरातल्या एकेकाला आजार चिकटवत सुटले. सरांनी पहिल्याच तासाला बजावलं होतं – हे घरच्यांवर वापरू नका, तुम्हाला अजून काही येत नाही. सगळे हसले. मीही हसले. मग एकदा वर्गात अंगात येण्याचा विषय निघाला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "गावच्या बायकांची नाटकं, दुसरं काय!" माझे कान तापले. त्या नाटकामुळेच तर मी तिथे बसले होते ना? हे कुणाला कळलं असतं तर? मला त्या पोराचा नाही, काकूचा राग आला. उपकार करणाऱ्याचाच राग येतो माणसाला – याला काय म्हणतात, ते मला कुठल्याच धड्यात सापडलं नाही.

गौरी आल्या. घुमणारी पडू नये म्हणून मागून एकीने धरायचं असतं. त्या संध्याकाळी मी पुढे झाले. मुठीत टाचणी होती. खरंच भान नसेल तर कळणार नाही – असा माझा प्रयोग! बाबांनी हात जोडले. काकूने तोंड उघडलं. आणि मी तिच्या दंडात टाचणी खुपसली.

"आई गं!" – आवाज काकूचा. रोजचा. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग खाली बसली आणि पदर सारखा केला.

ती ढोंग करत होती का? मला आजही सांगता येत नाही. पण ती काय बोलणार होती, ते मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. तिची लेक सुजाता त्या वर्षी बारावीला होती, आणि सुजाताला नर्स व्हायचं होतं.

"वारं असं मधेच उतरलं, म्हणजे हिच्याच हातून काहीतरी चुकलं असणार," आत्या म्हणाली. काकूला उपास धरायला लावले. देवळात गाऱ्हाणं घालून सगळ्यांदेखत माफी मागायला लावली. तिने मुकाट्याने सगळं केलं. माझं नाव घेतलं नाही. मी तिथेच तर उभी होते, प्रसादाचं ताट हातात धरून! वारं तिच्या अंगात पुन्हा कधी आलं नाही.

सुजाताचं लग्न बारावीच्या निकालाआधीच लागलं. आज ती काजूच्या कारखान्यात बिया फोडते, चिकाने तिची बोटं काळी पडली आहेत. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. लोक मला मॅडम म्हणतात.

पण टाचणीवर माझं संपत नाही. संपलं असतं तर मी आज कशाला बोलले असते?

त्याच दिवाळीनंतर सुजाताला स्थळ सांगून आलं. बाबा होकार द्यायच्या बेतात होते. दुपारी काकू माझ्या खोलीशी आली, पदराला हात पुसत उंबऱ्यातच उभी राहिली. टाचणीबद्दल चकार शब्द नाही. म्हणाली, "बाय गो, माझं आता कोण ऐकत नाय. भावोजींना तू सांग. तुझं ऐकतील."

ऐकलं असतं. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणून पाहुण्यांत मिरवायचे ते मला. पण मी काकूची बाजू घेतली आणि बाबांनी विचारलं की तुला एवढा पुळका का, तर? – बोलता बोलता माझं बिंग फुटलं तर? एवढीच भीती. तिच्या लेकीचं आयुष्य एका बाजूला, आणि बाबांच्या डोळ्यांतली माझी किंमत दुसऱ्या बाजूला. मी पुस्तकातून मान वर केली नाही. म्हटलं, "काकू, माझी उद्या परीक्षा आहे."

"मग कर गो अभ्यास," ती म्हणाली, आणि मला भांड्यांचा आवाज नको म्हणून जाताना दार ओढून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी माझी कसलीही परीक्षा नव्हती.