डॉक्टरच्या तंबूबाहेरचा प्राणायाम

मी पत्रकं लिहिते. भाडेकरूंसाठी, कॅज्युअल शिफ्टवर राबणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबी स्टेशनबाहेर उभं राहून लोकांच्या हातात कोंबायची असतात, तसली. या कामातला पहिला धडा असा की आरोप आधी, हवामान नंतर. तर आरोप हा: अँडीजमधल्या एका उंच डोंगरावर एका माणसाने माझ्या मोठ्या बहिणीला डॉक्टरला फसवायला लावलं, त्यात ती मरता मरता वाचली, आणि मेलबर्नला परतल्यावर त्यानेच सगळ्यांना सांगितलं की लबाडी तिने केली.

या माणसाला आमच्या वेस्टमधली, म्हणजे मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांतली, सगळी मराठी मंडळी दादा म्हणतात. मीही म्हणायचे. इथे तो नुसता 'तो' आहे आणि तेवढंही त्याला जास्तच आहे. आयटीत मॅनेजर, मूळ पुण्याचा, कॉलेजात असताना सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेले, आणि ते किल्ले अजून खांद्यावर घेऊन फिरणारा. शनिवारी सकाळी तो आमच्यासारख्यांना जवळच्या टेकड्यांवर चालवायचा. ताईला ते फार आवडायचं. आम्ही दोघी ट्रुगानिना नावाच्या सपाट उपनगरात एकत्र राहतो. तिथे चढ म्हणजे स्पीड ब्रेकर. ताई बॅगेत तांदळाची पिशवी घालून मॉलच्या पार्किंगचा जिना चढायची-उतरायची, सिक्युरिटीवाला तिला "यू ओके, मेट?" विचारायचा आणि ही धापा टाकत म्हणायची, "ट्रेनिंग!"

अर्जेंटिनातल्या मोहिमेची घोषणा त्याने केली तेव्हा ताईने त्याच दिवशी नाव दिलं. मला ओढलं. "तू नेहमी लोकांना खाली खेचायच्या गोष्टी लिहितेस, एकदा वर चल," म्हणाली.

आता डोंगरावरचा कारभार समजून घ्या, कारण सगळं त्यातच आहे. मोहीम तिथल्या गाईड लोकांची होती. मुख्य गाईड एक अर्जेंटिनाची बाई, तिच्या हाताखाली एक गाईड. कोणी वर जायचं, कोणी थांबायचं, हे ती ठरवणार. तो फक्त आमची मोट बांधून घेऊन आलेला. पण ज्याला बारा वर्षं सगळे दादा म्हणतात त्याला आपण वरच्या डोंगरात कोणीच नाही हे कसं पटावं? पहिल्या दिवसापासून बाई इंग्रजीत काही सांगायच्या आणि तो मागून मराठीत दुरुस्ती करायचा. बाई म्हणायच्या, हळू चाला. तो म्हणायचा, "हे गोऱ्यांसाठी आहे, आपण चालणारी माणसं आहोत." बाईंना वाटायचं तो भाषांतर करतोय. त्या त्याला थँक्यू म्हणायच्या.

खालचा मुख्य तळ म्हणजे दगडगोट्यांचं मैदान, रंगीबेरंगी तंबू, सामान आणणारी खेचरं आणि डोळ्यांत जाणारी धूळ. तिथे डॉक्टरचा तंबू असतो. तपासल्याशिवाय कोणालाही वर सोडत नाहीत. रक्तदाब बघतात, छाती ऐकतात, बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात. आकडा फार खाली असेल तर थांबा, विश्रांती घ्या, उद्या परत या. एवढंच. कोणी फाशी देत नाही.

आमच्याकडेही असा चिमटा होता. आदल्या संध्याकाळी जेवणाच्या तंबूत सगळ्यांनी लावून बघितला. ताईचा आकडा बाकीच्यांपेक्षा चांगलाच खाली. तिचं डोकंही दुखत होतं. तिने ते लपवलं नाही, हे ठळक अक्षरात वाचा. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, माझं काही ठीक दिसत नाहीये. मी उद्या डॉक्टरला सांगते, एक-दोन दिवस थांबू दे."

तो घरून आणलेल्या पाकिटाच्या पिठल्यात पाव बुडवत होता. मान वर न करता म्हणाला, "वेडी आहेस का? तू थांबलीस तर एक गाईड तुझ्यासाठी थांबणार. मग चांगलं हवामान निघून जाईल. सगळ्यांचं समिट घालवशील."

"पण आकडा..."

"आकड्याचं माझ्यावर सोड. आपल्याकडे पाच हजार वर्षांचं शास्त्र आहे."

सकाळी त्याने सगळ्यांना डॉक्टरच्या तंबूमागे नेलं, खडकावर ओळीने बसवलं आणि भस्त्रिका करायला लावली. जोरात आत, जोरात बाहेर. चिमटा ताईच्या बोटाला. आकडा खरंच चढू लागला. चढणारच, इतका श्वास ओढल्यावर थोडा वेळ कोणाचाही चढेल. तो काही मिनिटांत परत उतरतो हे शास्त्रातल्या पाच हजार वर्षांत त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "बघितलंस? जा, पळ, उतरायच्या आत जा! बोलू नकोस, आत गेल्यावरही नाकाने चालू ठेव," असं म्हणत त्याने तिला पाठीवर थाप मारून तंबूत ढकललं. लोक हसत होते. मी तेवढी बसले नाही; माझा आकडा चांगला होता, म्हणून त्यानेही आग्रह केला नाही. मी त्याला म्हटलं, "हे बरोबर नाही." तो म्हणाला, "तुझं पत्रक काढ."

ताई पास होऊन बाहेर आली. हसली, पण ओठ निळसर होते.

पुढच्या कॅम्पला गाईडबाईंनी सगळ्यांना विचारलं, एक ते दहामध्ये कसं वाटतंय? ताईने क्षणभर विचार केला. मला दिसत होतं की ती खरं सांगणार. तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला, अगदी प्रेमळ, जणू पाणी हवंय का विचारतोय. "आठ सांग."

"एट," ताई म्हणाली. बाईंनी अंगठा दाखवला.

मराठीसारखी भाषा अशी वापरलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. जिच्या हातात आपला जीव आहे तिच्या नाकासमोर, तिला कळू नये म्हणून.

त्याच्या वरच्या कॅम्पला दुपारी ताईचा खोकला ओला झाला. तंबूत ती आडवी होऊ शकत नव्हती. बसून, गुडघ्यांवर डोकं टेकून श्वास घेत होती आणि प्रत्येक श्वासाला छातीत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. मी त्याच्याकडे गेले. तो बर्फ वितळवून चहा करत होता. "गोळी दे तिला," म्हणाला. "बाईंना सांगू नकोस, लगेच खाली पाठवतील. सकाळी बघू."

मी बाईंना सांगितलं. त्यांनी तंबूत डोकं घातलं, तो आवाज ऐकला आणि पुढे एकही प्रश्न विचारला नाही. ऑक्सिजन लावला, दोरी बांधली आणि लगेच खाली निघाल्या, ताई मध्ये, दुसरा गाईड मागे, त्यामागे मी. गाईडशिवाय कोणालाही वर थांबता येत नव्हतं, त्यामुळे अख्खा ग्रुप खाली आला. तो सर्वांत शेवटी, पाय आपटत. तळावर अंधार पडायच्या आत पोहोचलो. डॉक्टरबाईंनी ताईची छाती ऐकली, मग जुनी नोंद बघितली आणि इंग्रजीत विचारलं, "हा आकडा इथेच घेतला होता?" मी सांगितलं, तंबूमागे काय झालं होतं ते सगळं. डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो बुटाची नाडी सोडत होता. फार वेळ सोडत होता.

हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. ताई वाचली. फुफ्फुसातलं पाणी उतरलं.

आणि मग मेलबर्न. आमचा मोठा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, वेस्टमधली निम्मी मराठी माणसं त्यात आहेत. आम्ही अजून तिकडे डोंगराखालच्या मेंडोझा शहरात हॉस्पिटलात होतो तेव्हाच त्याने तिथे टाकलं: एका सदस्याने प्रकृतीची खरी माहिती न दिल्यामुळे मोहीम अर्धवट सोडावी लागली, मात्र प्रसंगावधान राखून आम्ही तिला सुखरूप खाली आणलं. खाली तीन जोडलेले हात. त्याखाली लोकांची रांग. दादा ग्रेट. दादा, तुझ्यामुळे वाचली. दादा, सलाम. मोहिमेत बरोबर असलेल्यांनीही जोडलेले हातच टाकले.

ताईने ते विमानात वाचलं. मला फोन दाखवला आणि खिडकीकडे वळली.

परत आल्यावर दुकानात, देवळात, वाढदिवसांना तेच. एक काकू कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "बरं नव्हतं तर सांगायचं ना गं आधी. बाकीच्यांनी किती तयारी केली होती!" ताई म्हणाली, "सांगितलं होतं." काकूने ज्या नजरेने बघितलं ती मी कधी विसरणार नाही. बिचारी, अजून खोटंच बोलतेय, अशी नजर. त्यानंतर ताई कुठे जाईना. ऑफिस आणि घर. शनिवारी सकाळी उठून बसायची आणि बूट घालायची नाही.

मी पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं पत्रक होतं ते, एकेक वाक्य चाबकासारखं. ताईने वाचलं आणि फाडलं.

"चांगलं आहे," म्हणाली. "पण हे तू बोलतेयस. लोक म्हणतील बहिणीने लिहिलं. मला ते त्याच्या तोंडून हवंय."

"तो कशाला सांगेल?"

"विचार ना तू. तुझं कामच आहे ते."

संधी त्यानेच दिली. वेरिबीच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये रविवारी दुपारी त्याचं भाषण ठेवलं होतं, मोहिमेच्या फोटोंसह. आणीबाणीच्या प्रसंगी दाखवलेल्या नेतृत्वाबद्दल शाल आणि नारळही. पुढच्या तुकडीची नावनोंदणी तिथेच होणार होती. ताई काळा कुर्ता घालून माझ्याबरोबर आली आणि मागच्या खुर्चीत बसली. लोक वळून बघत होते.

त्याने तासभर फोटो दाखवले. शेवटी कोणाला काही विचारायचंय का, म्हटल्यावर मी उठले. आयुष्यात इतकं गोड मी कधी बोलले नसेन. त्याला चक्क तुम्ही म्हटलं.

"दादा, वर डॉक्टरांची तपासणी फार कडक असते म्हणतात. तुम्ही तिथे आपल्या प्राणायामाचा उपयोग केलात ना? त्याबद्दल सांगा की."

प्रश्न विचारून गप्प बसायचं, हेही आमच्या कामात शिकवतात. मी गप्प बसले. त्याने एकदा माझ्याकडे संशयाने बघितलं. पण समोर दीडशे माणसं, खांद्यावर शाल, आणि विषय भारतीय शास्त्राचा. त्याला राहवलं नाही.

"अरे, ही तर खरी गंमत!" त्याने शाल बाजूला ठेवली. "चला, सगळे ताठ बसा. खोल आत... जोरात बाहेर!" अख्खा हॉल फुसफुसू लागला. आजोबा, काकू, खुर्चीवर उभी राहिलेली पोरं. "बस! असं सगळ्यांना तंबूमागे बसवलं मी. ज्यांचे आकडे पडले होते त्यांचेही धडाधड वर! आणि त्या डॉक्टरीणबाईंना? पत्तासुद्धा लागला नाही!"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. मी मागे वळून बघितलं तर ताई उभी होती.

"दादा," ती म्हणाली, "ज्यांचे आकडे पडले होते, म्हणजे कोणाचे?"

टाळ्या विरत गेल्या.

"अगं, एका-दोघांचे. जाऊ दे ना."

"माझा. आदल्या रात्री मी सांगितलं होतं की मला थांबायचंय. सांगितलं होतं की नाही?"

"ते आपण नंतर बोलू."

पुढच्या रांगेतली एक मावशी वळली. तिचा मुलगा पुढच्या तुकडीत जाणार होता, थोड्या वेळापूर्वीच ती अभिमानाने सगळ्यांना सांगत होती. "नंतर का रे? आत्ता बोल. हिने सांगितलं होतं का तुला?"

"मावशी, ग्रुपचा विचार करावा लागतो..."

"सांगितलं होतं का?"

"हो. सांगितलं होतं."

"आणि तू श्वास कोंबून डॉक्टरला फसवून वर नेलंस. माझ्या मुलालाही असंच नेणार होतास?" मावशीने मुलाचं मनगट धरलं, जणू तो आत्ताच निघालाय. "ऊठ रे. मी नाव काढून घेतेय."

लोक उठू लागले. कोणी घोषणा दिली नाही, कोणी भांडलं नाही. नावनोंदणीचं टेबल नुसतं रिकामं होत गेलं. मला ते दृश्य अजून आवडतं. मी ते मनात परत परत लावून बघते.

कारपार्कात तो आमच्या मागे आला. मला म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हटलं, "नाही."

ताईने हात पुढे केला. "फोन काढ. ग्रुपवर लिही."

"घरी जाऊन लिहितो."

"आत्ता. मी उभी आहे."

त्याने लिहायला घेतलं. ताई शेजारी उभं राहून वाचत होती. "'काही गैरसमज झाला असल्यास' काढ. गैरसमज कोणाचाच झाला नव्हता." त्याने काढलं. "'आमच्याकडून' नाही. 'माझ्याकडून'." त्याने बदललं. "आता लिही, तिने आधीच सांगितलं होतं, मी तिला गप्प केलं." त्याचा अंगठा थांबला. आजूबाजूला लोक गाड्यांची दारं उघडी ठेवून उभे होते. कोणीही निघत नव्हतं.

त्याने लिहिलं. खाली जोडलेले हात टाकायला गेला तेव्हा ताई म्हणाली, "हात नको."

त्याने पाठवलं आणि सगळ्या कारपार्कभर एकाच वेळी खिशाखिशांतले फोन वाजले. लोकांनी तिथेच उभं राहून वाचलं. मला त्याची दया येईल असं मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं. अजून आलेली नाही. ताईने त्याचा फोन हातात घेऊन दोनदा वाचलं, तो त्याला परत दिला आणि त्याच्याकडे न बघता गाडीपाशी फोन धरून उभ्या असलेल्या त्या कोथिंबीर निवडणाऱ्या काकूकडे चालत गेली.