सासूबाईंनी झोपून पाहिलेली घरं

बल्लारपुरात आमचं स्लॅबचं घर बांधून झालं आणि पहिल्याच एप्रिलात कळलं, की मागच्या खोलीत दुपारी फक्त पापड वाळू शकतात, माणूस राहू शकत नाही. भिंतीला पाठ टेकली तरी चटका बसायचा. नवऱ्याचं मत पक्कं होतं, एसी घ्यायचा. माझं सारं बालपण कूलरच्या घरघरीत गेलेलं, म्हणून मी कूलरच्या बाजूने. जेवायला बसलो की आमची जुंपायची.

सासूबाई कुरखेड्याकडचं गाव सोडून नुकत्याच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मागची खोली त्यांचीच. एक दिवस ताट सारून त्या म्हणाल्या, "लुगडं घेताना हात लावून पाहतो का नाई? मंग हे बी मी झोपून पाहीन आनि सांगीन."

आम्हाला वाटलं, गंमत करताहेत. पण रविवारी सकाळीच त्या पिशवीत उशी घालून तयार होत्या.

पहिल्यांदा चंद्रपूरला नणंदेकडे गेलो. तिच्याकडे एसी. जेवणं झाली, खोली गारेगार केली, सासूबाई आडव्या झाल्या. थोड्या वेळाने दार उघडलं आणि त्यांचं डोकं बाहेर.

"आई, दार लाव ना वो, थंडी चालली!" नणंद ओरडली.

"बाहेर कोन बोलून राह्यलं?"

"कोनी नाई. झोप तू."

पुन्हा दार उघडलं. शेजारीण आली होती का? दूधवाला होता का? शेवटी त्या उशी घेऊन बाहेरच येऊन बसल्या. "थंड आहे, मस्त आहे," त्या म्हणाल्या, "पन आतमंधी दुनिया बंद पडल्यावानी वाटते." मी नवऱ्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

पुढच्या रविवारी घुग्घुसला माझ्या भावाकडे. मला खात्री होती, इथे कूलरच जिंकणार. भाऊ कोळशाच्या खाणीत शिफ्टमध्ये काम करतो, रात्रपाळी करून दिवसा झोपतो. बैठकीतल्या जुन्या कूलरसमोर सासूबाई अशा झोपल्या, की त्यांचं घोरणं आणि कूलरची घरघर वेगळी काढता येईना. उठल्या तेव्हा त्यांच्या पांढऱ्या केसांवर काळसर थर बसला होता. आरशात पाहून त्या स्वतःच खो-खो हसल्या. "पाह्य वो, मी जवान झाली!"

भावाने मला आतली खोली दाखवली. तिथे एसी होता. "बाई, इथी कूलर म्हनजे धुळीले आवतन," तो म्हणाला. "दिवसभर ट्रक चालतात. खिडक्या बंद करूनच झोपा लागते मले. तुमच्याकडे मागून मोकळी हवा येते, तुमचं वेगळं." भावानेच माझी बाजू अर्धी मांडली आणि अर्धी पाडली.

तिसऱ्या खेपेला सासूबाई म्हणाल्या, आता माझ्या गावच्या घरी चला. मातीच्या जाड भिंती, वर कवेलूंचं कौलारू छप्पर, अंगणात मोहाचं झाड. मनात म्हटलं, आता काही खरं नाही. या म्हणतील, मशीनच नको. दुपारी त्या पडवीत आडव्या झाल्या. गावातल्या बाया भेटायला आल्या, गप्पा झाल्या, हशा झाला. मग बाया गेल्या आणि सासूबाई पदराने वारा घेत राहिल्या. या कुशीवरून त्या कुशीवर. शेवटी उठून बसल्या.

"काय झालं, आई?" नवऱ्याने विचारलं.

"इथी बी गरमच होते रे बाबू," त्या चकित होऊन म्हणाल्या. "तवा कामाच्या धावपळीत समजतच नव्हतं."

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही तिघं इतके हसलो, की नवऱ्याला गाडी थांबवावी लागली. तिथेच, सागाच्या सावलीत उभं राहून निर्णय झाला. सासूबाईंच्या खोलीला मागच्या खिडकीतून मोठा कूलर, वाळ्याच्या ताट्यांचा; समोरची खिडकी उघडी, म्हणजे हवा पुढे निघून जाईल आणि बाहेरचं बोलणंही ऐकू येईल. आमच्या खोलीत छोटा एसी, कारण पावसाळ्यातल्या चिकचिकीत कूलरचा उपयोग नाही. आणि स्लॅबवर चुन्याचे हात. चुना आम्ही दोघांनी पहाटे फासला. नवरा खाली उतरला तेव्हा मिशीसकट पांढरा झाला होता.

कूलर लागला त्या दिवशी दुकानाच्या माणसाने बटण दाबलं आणि सासूबाईंवर पाण्याचे तुषार उडाले. "अगा माय!" म्हणत त्या मागे सरल्या, मग मुद्दाम पुन्हा पुढे आल्या. खोलीभर वाळ्याचा वास पसरला. शेजारच्या बाया पाहायला आल्या त्या चार वाजेपर्यंत हलल्याच नाहीत. त्या उन्हाळ्यात आमची मागची खोली म्हणजे गल्लीची चावडी झाली. चहा करून करून माझे हात दुखायचे, पण घर असं भरलेलं मला फार आवडायचं.

एसी घेताना दुकानदाराने गरम हवा देणाराही दाखवला होता. सासूबाईंनीच नको म्हटलं. "आपल्याकडे थंडी किती दिसाची?" आणि ते खरंच होतं. आता जानेवारीत आम्ही सकाळी अंगणात चटई टाकतो. मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं पातेलं मधे असतं. ऊन सरकलं, की नवरा चटईचं एक टोक धरतो, मी दुसरं, आणि सासूबाई तिच्यावरून न उठताच सांगतात, "अजून थोडी तिकडं. ओढा जोरानं!"