तोंडी ऑर्डर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. सांगावंसं फार वाटत होतं आणि दाबून ठेवलं, असंही नाही. खरं सांगू? काही वाटतच नाही. दात काढल्यावर गाल कसा बधिर होतो, हात लावला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तसं झालंय. तुम्ही ऐकताय म्हणून सांगते. ऐकून झाल्यावर काही म्हणायलाच हवं असं नाही.

मी इंजिनियर. शहराच्या पाणीपुरवठ्यात अख्खी नोकरी काढली, इथेच, भोपाळला. वडील महाराष्ट्रातून बदली होऊन इथल्या सरकारी कारखान्यात आले आणि मग परत गेलोच नाही. अरेरा कॉलनीत घर. ऑफिसात माझी ओळख काय? बाई कडक आहे, ठेकेदाराचा चहासुद्धा पीत नाही. ते खरं होतं. दिवाळीचे मिठाईचे डबे मी गेटवरूनच परत पाठवायची, आणि पाठवताना चार जणांना दिसेल असं पाठवायची. माज होता मला स्वच्छपणाचा. माजच म्हणायचं, दुसरा शब्द नाही.

आता आमच्याकडची एक पद्धत तुम्हाला माहीत हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. कुठे पाइप फुटला, मोटर जळली, की आम्ही ठेकेदाराला फोन करायचो — सुरू करा, कागद मागून करू. याला म्हणायचं तोंडी ऑर्डर. नियमात कुठेही नाही, पण सगळं शहर त्यावर चालायचं. रीतसर टेंडर काढून वर्क ऑर्डर हातात पडेपर्यंत लोक काय तहानेने मरणार? म्हणून फोन. चांगल्या कामासाठी फोन, आणि — हेही सांगितलं पाहिजे — भलत्या कामासाठीही फोन. न केलेल्या कामाची ऑर्डरसुद्धा मागून निघायचीच की! तो दरवाजा एकच होता.

दिघेभाऊंना मी असेच फोन करायची. अशोका गार्डनमध्ये, रेल्वे लाइनच्या बाजूला, मोटरी दुरुस्त करायचं त्यांचं वर्कशॉप. माणूस मूळचा ग्वाल्हेरचा, मराठी अर्धी हिंदीत बुडवलेली. "ताई, बस, निघूनच राहिलोय," म्हणायचे, आणि खरोखर निघालेले असायचे. माझ्यापेक्षा मोठे, तरी मला ताई म्हणायचे. घरी आम्ही त्यांच्या बोलण्याची नक्कल करून हसायचो. आईसुद्धा. ते गणपतीला आले की तीच आई त्यांना आग्रहाने जेवायला वाढायची.

एका मे महिन्यात त्यांच्याच भागातल्या पंप हाऊसची मोटर जळली. बायका रिकामे हंडे घेऊन ऑफिसच्या दारात. मी फोन लावला. दिघेभाऊ पहिल्यांदाच जरा अडखळले. म्हणाले, ताई, नवे साहेब आलेत, म्हणतात फार सख्ती करून राहिलेत — आधी कागद मिळाला असता तर? मी चिडले. उन्हाने डोकं उठलं होतं, दारात गलका चालला होता. म्हटलं, "अहो, बसवा मोटर. मी आहे ना!"

मोटर बसली. संध्याकाळी नळांना पाणी आलं.

नवे साहेब म्हणजे आमचे नवे कमिश्नर. त्यांना ही सगळी ठेकेदारीच मुळापासून बदलायची होती. कामं ऑनलाइन, वर्क ऑर्डरशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही. नियम लिहायला त्यांनी कुणाला बसवलं असेल? मलाच. मी नाकासमोर चालणारी ना! आणि मी ते मनापासून लिहिलं, हे खोटं नाही. लेखी ऑर्डरशिवाय काम करणाऱ्या ठेकेदाराची नोंदणी कायमची रद्द. तोंडी ऑर्डर देणारा अधिकारी निलंबित. ही दोन्ही कलमं माझी. लिहिताना दिघेभाऊंची मोटर आठवली का? आठवली. त्यांचा कागद अजून व्हायचा होता. म्हटलं, करू नंतर. मग नियम लागू झाले आणि मागून कागद करायची सोयच उरली नाही.

पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. दुसऱ्या एका ठेकेदाराने तक्रार केली — टेंडर नाही, ऑर्डर नाही, मग पंप हाऊसमध्ये दिघेंची मोटर कशी? नव्या नियमातलं पहिलंच प्रकरण. सुनावणीला साहेब होते, हिशेब विभागाचे तिवारीजी होते, आणि मी होते. टेबलाच्या या बाजूला.

दिघेभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आत आल्यावर मला "नमस्ते मॅडम" म्हणाले. ताई नाही. ते ऐकून मला काय वाटलं असेल, सांगा? बरं वाटलं. ओळख दाखवत नाहीयेत, सुटले, असं वाटलं.

साहेबांनी विचारलं, मोटर कुणाच्या सांगण्यावरून बसवली? दिघेभाऊंनी माझ्याकडे बघितलंही नाही, टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसले. ते माझं नाव घेणार नव्हते. मी घेईन म्हणून थांबले होते. मी मूग गिळून बसले. शेवटी ते हिंदीत म्हणाले, साहब, मोहल्ले में पानी नहीं था, मैंने लगा दी।

त्यांची नोंदणी कायमची रद्द झाली, त्या आदेशाखाली मीही सही केली. नेहमीसारखी झाली सही.

मी घाबरले होते, एवढंच. पुढे स्वतःला एक कारण सांगायला लागले, की मी बोलले असते तर सगळी सुधारणाच कोसळली असती, लोक म्हणाले असते, बघा, नियम लिहिणारीच आतून तसली! कारण चांगलं आहे. पण त्या खोलीत ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ते नंतर आलं, सवडीने. खोलीत फक्त निलंबन दिसत होतं.

तुम्हाला वाटेल, हाच कबुलीजबाब. मलाही इतकी वर्षं तसंच वाटत होतं, आठवण इथे आली की मी थांबायची. पण हे झालं भीतीपोटी. भीतीचं माणूस समजून घेतं. खरं सांगायचंय ते पुढचं आहे, आणि तेव्हा मी अजिबात घाबरलेली नव्हते.

दिघेभाऊंचं वर्कशॉप सरकारी कामावरच चालायचं. ते बंद पडलं. आता ते दुसऱ्याच्या दुकानात कूलर दुरुस्त करतात. इकडे नियम मात्र जाचायला लागले. मोटर जळायची आणि लोक ऑर्डरची वाट बघत बसायचे. तेव्हा सुधारणेत सुधारणा करायचं ठरलं आणि तेही काम माझ्याकडेच आलं. मी एक कलम घातलं: पाण्याची अडचण असेल तर अधिकाऱ्याने फोनवर सांगावं, ठेकेदाराने काम करावं, अधिकाऱ्याने लगेच पोर्टलवर स्वतःच्या नावाने नोंद करावी. म्हणजे दिघेभाऊंनी जे केलं तेच, पण कायदेशीर. सगळ्यांना आवडलं. दुसऱ्या शहरांतून लोक ते समजून घ्यायला येतात.

मसुदा साहेबांकडे जायच्या आधी तिवारीजी माझ्या केबिनमध्ये आले. साधा, सरळ माणूस. म्हणाले, मॅडम, यात एक ओळ वाढवू या का, जुन्या प्रकरणांनाही लागू म्हणून? तो दिघे बिचारा सुटेल. मला वाटतं, तिवारीजींना काहीच माहीत नव्हतं. त्यांना नुसतं वाईट वाटलं होतं.

एक ओळ. त्या ओळीने दिघेभाऊंना त्यांचं नाव परत मिळालं असतं. पण जुनं प्रकरण उघडलं की अधिकाऱ्याचं नाव टाकायची जागा रिकामी दिसली असती, आणि कुणीतरी विचारलं असतं — फोन कुणी केला होता? खोलीत एसी चालू होता. माझ्यासमोर चहा होता, घरून आणलेला. कसलीही घाई नव्हती, कुणी धाक घातलेला नव्हता, आणि तोवर पद असं मिळालं होतं की निलंबन सोडा, कुणी माझ्याकडे बोटही दाखवलं नसतं. फार तर थोडी नाचक्की झाली असती. चार लोक म्हणाले असते, ही पण तसलीच.

मी म्हटलं, जुनं उकरायला नको, तिवारीजी.

ते बरं म्हणाले आणि गेले. मी चहा प्यायले.

मागच्या आठवड्यात बिट्टन मार्केटच्या भाजी बाजारात दिघेभाऊ भेटले. अधूनमधून भेटतात. मी टाळत नाही त्यांना, टाळावंसंही वाटत नाही. केस पांढरे झालेत, हाताला अजून तेच काळं ग्रीस. आईची चौकशी केली, गुडघ्यांना कुठलं तेल लावतात ते सांगितलं. मग म्हणाले, "ताई, तो फोनवाला नवा नियम तुम्हीच केला ना?"

मी म्हटलं, हो.

"वाटलंच मला! घरी पण मी हेच सांगून राहिलो होतो, ताईंनी माझं ध्यानात ठेवलं. माझं राहिलं, जाऊ द्या, आता वय झालं. पण पुढच्या पोरांवर अशी वेळ नाही येणार. तुम्ही होत्या म्हणून झालं, ताई."

मी पुन्हा हो म्हटलं. मेथीची जुडी निवडत होते, ती त्यांनी माझ्या हातातून घेतली, त्यातली पिवळी पानं काढून टाकली आणि माझ्या पिशवीत ठेवली.